पापाचे चार वाटे

ज्या परक्या लोकांच्या हावेने राज्य पोखरले असे म्हैसूर संस्थानात एके काळी उघडपणे बोलले जाई, ते परके लोक मराठी दफ्तर लिहिणारे होते. ही गोष्ट महाराष्ट्रातील वाचकाला बहुधा ठाऊक नसते, आणि ठाऊक झाली तरी ती लक्षात ठेवण्याचा उत्साह त्याच्या ठिकाणी क्वचितच आढळतो. बाहेरून येऊन राहिलेल्या एखाद्या समाजाला त्या देशातील लाचलुचपतीचे मूळ ठरवावे की नाही, या प्रश्नाची चर्चा आपण एरवी फिर्यादीच्या जागेवरून करतो, कारण मुंबईत, पुण्यात, नाशकात आपण यजमान असतो आणि परका दुसरा कोणी असतो. म्हैसूरच्या इतिहासात मात्र आपली जागा आरोपीच्या पिंजऱ्यात आहे, आणि विचार करायला तीच जागा अधिक बरी, असे मला वाटते.

त्या मुलखात मराठी माणूस काही चोरपावलांनी शिरला नव्हता. १६३८ साली बंगळूर विजापूरकरांच्या हाती आले आणि पुढे ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून गेले. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्या मागोमाग कारकून, हिशेबनीस, फडणीस यांची जी रीघ दक्षिणेकडे लागली ती १६६४ साली होदिगेरे येथे शहाजीराजांचा अंत झाल्यावरही थांबली नाही. राज्ये उलटली, निशाणे बदलली, पण जमाखर्च मांडणारे हात फारसे बदलले नाहीत, आणि टिपूने फारसीचा आग्रह धरीपर्यंत कानडी कागदांच्या शेजारी मोडी मराठीचे कागद कचेरीत पडत राहिले. या परंपरेचे शिखर म्हणजे दिवाण पूर्णय्या. जातीने देशस्थ माध्व ब्राह्मण, जन्म कोइमतूरकडचा, हैदर आणि टिपू या दोघांचेही विश्वासू, आणि १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर पाच वर्षांच्या मुम्मडी कृष्णराजांच्या नावाने १८११ पर्यंत राज्यशकट हाकणारे असे हे पुरुष होते. श्रीरंगपट्टणाजवळ कावेरीवर त्यांनी १८०४ मध्ये पुरा केलेला पूल आजही पाहता येतो. त्याला कमान म्हणून नाही. पात्रातून ओळीने उभे राहिलेले दगडी खांब, खांबांवर दगडी तुळया, तुळयांवर दगडी फरशी, सगळे कसे हिशेबनिसाने वहीत रकाने आखावेत तसे सरळ आणि निरलंकार. पुलाला नाव मात्र गव्हर्नर जनरल वेलस्ली याचे दिले. तेवढी दुनियादारी पूर्णय्यांना अवगत होती.

वाद माजला तो त्यांच्या पश्चात, नगरच्या फौजदारीत. नगर म्हणजे जुने बिदनूर, केळदीच्या लिंगायत नायकांची राजधानी, १७६३ साली हैदराने जिंकून स्वतःचे नाव दिलेली. सुपारी-मिऱ्यांचा, सह्याद्रीच्या कुशीतला हा संपन्न मुलूख म्हैसूरच्या मैदानी राज्याशी मनाने कधी पुरता जोडला गेलाच नव्हता. तेथे १७९९ नंतर फौजदार म्हणून आले ते रामराव, मूळचे बदामीकडचे देशस्थ, हैदर-टिपूच्या घोडदळात नाव कमावलेले. पुढे ते दरबारात वर चढले, आणि नगरात त्यांच्या आप्तस्वकीयांचा आणि हस्तकांचा असा जम बसला की तेथील अधिकार त्यांच्या गोताबाहेर जाईना. १८३० साली रयतेने कूट भरवले; कूट म्हणजे गावोगावच्या शेतकऱ्यांनी एकत्र जमून, सारा रोखून, गाऱ्हाणे मांडण्याची त्या प्रांतातील जुनी रीत. लवकरच बूदी बसवप्पा नावाचा मनुष्य आपण नायकांचे वंशज आहोत असे सांगत पुढे आला, कुटाचे बंड झाले, ते १८३१ मध्ये कंपनीच्या फौजेच्या साहाय्याने मोडण्यात आले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लॉर्ड बेंटिंक याने राजाच्या हातून कारभार काढून घेतला. तो त्या घराण्याकडे परत यायला १८८१ साल उजाडावे लागले.

नगरच्या रयतेच्या मनातला समज असा की आपल्याला देशस्थांनी खाल्ले. हा समज निराधार होता असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. ज्याच्या सहीने कुळाची सुपारीची बाग जप्त होई तो अंमलदार देशस्थ होता, ज्याच्या पुढ्यात तो हात जोडून उभा राही तो शिरस्तेदार त्या अंमलदाराचा साडू किंवा भाचा असण्याचा संभव पुष्कळ होता, आणि दोघे आपसात जे बोलत ते त्याला समजत नव्हते. डोळ्यांनी पाहिलेले खोटे कसे म्हणावे? परंतु डोळ्यांना माणूस दिसतो, करारनामा दिसत नाही; आणि या प्रकरणाचे रहस्य एका करारनाम्यात होते.

त्या पद्धतीला शर्ती म्हणत. अंमलदाराने हुजुरात लिहून द्यायचे की माझ्या तालुक्यातून अमुक इतका वसूल मी आणीन; कमी पडला तर तूट माझ्या पदरची, अधिक आला तर तो अधिकही सरकारचा. आता हा कागद घेऊन तालुक्याच्या कचेरीत क्षणभर बसून पाहावे. पाऊस वेळेवर झाला तर गोष्ट निराळी. पण मृगाने आणि आर्द्राने दगा दिला तर त्या अंमलदारापुढे मार्ग कोणते उरतात? कागदावर सही त्याची आहे, वतन किंवा सावकारी त्याच्या पाठीशी नाही, आणि हुजुरात त्याच्या जागेवर डोळा ठेवून बसलेले दहाजण आहेत. तो शानभोगाला, म्हणजे गावच्या कुळकर्ण्याला, बोलावतो, शानभोग गावच्या पाटलाला बोलावतो, पडीक जमीन लावणीस आली असे दाखवून तिच्यावर सारा चढतो, किरकोळ अपराधांना दंड होतो, आणि ज्याला कोणी वाली नाही अशा कुळाच्या गोठ्यातले जनावर सुटते. इतका खटाटोप सरकारासाठी केल्यावर त्यातला थोडा अंश स्वतःसाठी ठेवण्यात त्याला पाप वाटत असेल असे समजणे हे मनुष्यस्वभावाचे अज्ञान होय. त्या गादीवर देशस्थ बसवा, अय्यंगार बसवा, लिंगायत बसवा की मोगल बसवा. शर्त तीच असेल तर आषाढात पाऊस न पडल्याचा परिणाम त्याच्या हातून तोच होणार.

आणि हे केवळ अनुमान नव्हे. रामरावांच्या गोताने वसुलात अफरातफर केली, नको तेथे सूट दिली, अशी खबर हुजुरात पोचली तेव्हा महाराजांनी परक्यांचा काटा काढण्यासाठी आपल्या आप्तांपैकी वीरराज अरस यांना फौजदार म्हणून नगरास पाठवले. हे गृहस्थ मातीतले होते, राजरक्ताचे होते, त्यांच्यावर परकेपणाचा आरोप शत्रूनेही केला नसता. त्यांनी पूर्वी दिलेल्या सुटी तपासल्या, पुष्कळशा खोट्या ठरवल्या आणि माफ झालेली बाकी रयतेच्या डोक्यावर पुन्हा बसवली; आणि रामरावांचे गोत गावोगाव चिथावणी देत हिंडत असेल-नसेल, पण कूट पेटले ते यानंतर. आप्तांची भरती हा ज्या रोगाचा मुख्य विकार, त्यावर राजाने उपाय योजला तो स्वतःच्या आप्ताची भरती करण्याचा, यातली विसंगती त्या काळी कोणाच्या ध्यानात आली असेल असे दिसत नाही. आजही येत नाही.

येथे धर्मशास्त्राकडे वळणे भाग आहे, कारण प्रश्न मुळात पापाच्या स्वामित्वाचा आहे. कर्मसिद्धान्ताची दोन कुंपणे आपल्या दार्शनिकांनी फार पूर्वी घालून ठेवली आहेत. केलेल्या कर्माचे फळ नाहीसे होऊ नये ही एक, तिला कृतहानीचा दोष म्हणतात. न केलेल्या कर्माचे फळ कोणाच्या वाट्याला येऊ नये ही दुसरी, तो अकृताभ्यागमाचा दोष. एखाद्या समाजावर भ्रष्टाचाराचा शिक्का मारणारा मनुष्य एकाच वाक्यात हे दोन्ही दोष करतो. ज्या हजारोंनी काही केले नाही त्यांना तो फळ देतो, आणि ज्याने केले त्याचे पाप हजारोंत विभागून इतके पातळ करतो की त्याला ते जाणवूही नये. आपल्या कीर्तनांतला वाल्या कोळी नारदाच्या सांगण्यावरून घरी जातो आणि बायकापोरांना विचारतो की तुम्ही माझ्या पापाचे वाटेकरी होणार का. ज्यांनी त्या लुटीचे अन्न खाल्ले त्यांनीही नकार दिला, आणि कथेने त्यांचा नकार न्याय्य मानला. मग ज्यांनी ते अन्न पाहिलेसुद्धा नाही, केवळ आडनावाचे किंवा बोलीचे साम्य आहे, त्यांच्याकडे वाटा मागणे कोणत्या न्यायात बसते?

तरी पाप एकट्या कर्त्याचेच, असे आपले शास्त्रही म्हणत नाही, आणि येथे विषय रंगू लागतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, न्यायसभेत अधर्म घडला तर त्याचे चार वाटे होतात असे सांगितले आहे. एक वाटा करणाराचा, एक खोट्या साक्षीदाराचा, एक सभासदांचा आणि एक राजाचा. वचन न्यायदानापुरते आहे. ते महसुलाला लावण्याची जबाबदारी माझी. परंतु पाहण्यासारखी गोष्ट ही की या वाटणीत जात नाही, गोत्र नाही, देश नाही. ज्या स्मृतीने अन्यत्र वर्णभेदाची इतकी काटेकोर मापे आखली आणि दंडसुद्धा वर्ण पाहून कमीअधिक केले, तिने या ठिकाणी पाप वाहून नेले ते अधिकाराच्या पायरीवरून. ज्याचा कारभाराशी जितका संबंध तितका त्याचा वाटा. पित्याचे पाप पुत्रपौत्रांना भोवते असेही त्याच ग्रंथात म्हटले आहे हे मी विसरलेलो नाही, पण ते वंशात खाली उतरते. शेजारच्या गल्लीतल्या समानभाषिकाकडे आडवे जात नाही.

नगरच्या प्रकरणाला ही वाटणी लावली तर अंमलदार कर्ता, खोटे कागद करणारा शानभोग साक्षी, डोळेझाक करणारे हुजूर कचेरीतले मुत्सद्दी सभासद, आणि शर्त लिहून घेणारा राजा. 'देशस्थांनी खाल्ले' हे वाक्य उच्चारले की यातले तीन वाटेकरी सुटतात. म्हणूनच असले वाक्य राज्यकर्त्याच्या तोंडी इतक्या सहजतेने येते. ते द्वेषापोटीच येते असे नाही, पुष्कळदा ते सोयीपोटी येते, कारण त्याने चौथा वाटा कोणी मागत नाही.

आता प्रतिपक्षाचे जे बलवान म्हणणे आहे ते टाळून चालणार नाही. परमुलखात गेलेला मनुष्य आपल्या माणसांना धरून राहतो, त्यांना नोकरीस लावतो, त्यांच्या चुका पोटात घालतो. तेव्हा काही समाजांत आश्रयाची आणि वशिल्याची रीत अधिक रुळलेली असते, हे म्हणणे खोटे कसे? खोटे नाही. रामरावांनी भाच्याला कामाला लावले असेल तर चोरीच्या भावनेने लावले नसेल. बहिणीचा मुलगा दारात आला असता त्याच्या हाताला काम न देणे हाच त्यांच्या दृष्टीने अधर्म होता. कुलधर्म आणि राजधर्म यांचा हा खरा झगडा आहे, आणि महाभारत ज्यांनी वाचले आहे त्यांना धृतराष्ट्राचे उदाहरण द्यावे लागू नये. परंतु धृतराष्ट्र हस्तिनापुरात उपरा नव्हता. कुलधर्माचा मोह सर्व कुळांना असतो. यजमान समाजाचा वशिला त्याच्या संख्येत मिसळून जातो आणि पाहुण्याचा वशिला वेगळ्या बोलीमुळे उठून दिसतो, एवढाच भेद.

यापुढची हकिगत म्हैसूरच्या पुढच्या वादात सापडते. १८८१ मध्ये राज्य परत मिळाल्यावर रंगाचार्लू आणि त्यांच्यामागून १८८३ ते १९०१ अशी अठरा वर्षे शेषाद्री अय्यर यांनी दिवाणगिरी केली. दोघेही मद्रास इलाख्यातले. त्यांच्या कर्तृत्वाविषयी शंका घेणे कठीण. शिवनसमुद्राच्या धबधब्यावरून कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत १९०२ मध्ये वीज गेली ती अय्यरांच्या योजनेमुळे. पण मद्रासकडची माणसे संस्थान गिळून बसली, म्हैसूर म्हैसूरकरांसाठी राहिले पाहिजे, असा पुकारा झाला, आणि दरबारात व वृत्तपत्रांत म्हैसूरकर व मद्रासकर असे दोन तट पडले. १९०१ मध्ये दिवाण झालेले पी. एन. कृष्णमूर्ती हे पूर्णय्यांचे वंशज, येळंदूरचे जहागीरदार, म्हणजे देशस्थ. पण चार पिढ्यांच्या वास्तव्याने ते म्हैसूरकर ठरले होते. त्यांच्यानंतर १९०६ मध्ये आलेले व्ही. पी. माधवराव हेही देशस्थ, पण कुंभकोणमचे, सबब मद्रासकर. ज्या रक्ताला सत्तर वर्षांपूर्वी नगरात परके म्हटले त्याचीच एक फांदी आता घरची आणि दुसरी बाहेरची. पुढे १९१८ मध्ये नोकऱ्यांतील वाट्याचा विचार करण्यासाठी मिलर समिती नेमली गेली तेव्हा तर मद्रासकर-म्हैसूरकर हा भेद मागे पडून प्रश्न ब्राह्मण आणि ब्राह्मणेतर असा उभा राहिला, आणि मुद्देनहळ्ळीत जन्मलेले, अस्सल म्हैसूरकर असे विश्वेश्वरय्या त्याच प्रश्नावरून दिवाणगिरी सोडून गेले. नोकऱ्यांतील वाटा न्याय्य असावा ही मागणी योग्यच होती, आणि ती करण्यासाठी कोणाच्या चारित्र्याचा उद्धार करण्याची गरज नव्हती. हे दोन मुद्दे वेगळे ठेवणाऱ्यांची संख्या मात्र दोन्ही बाजूंना तुटपुंजी होती.

याच वादाच्या ऐन भरात, १९०५ मध्ये, म्हैसूरच्या सरकारी प्राच्य ग्रंथालयात तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने ग्रंथ लिपीतील एक हस्तलिखित आणून दिले. ग्रंथपाल शामशास्त्री यांनी ते वाचले, आणि १९०९ मध्ये कौटिलीय अर्थशास्त्र छापून जगापुढे आले. मद्रासकरांना हाकला म्हणणाऱ्या नगरीला मद्रासकडच्या माणसाने ही भेट द्यावी! त्या ग्रंथात सरकारी द्रव्य खाण्याचे चाळीस प्रकार मोजले आहेत. कमी वसूल लिहिणे, आधीचे नंतर दाखवणे, वजनात मारणे, कालावधीत घोळ घालणे, जे आज कोणत्याही लेखापरीक्षकाला पाठ असेल ते सर्व. चाळिसांपैकी एकही प्रकार अमक्या देशच्या लोकांचा म्हणून सांगितलेला नाही. म्हैसूरकर पक्षाला मात्र त्याच ग्रंथात आधार सापडला असता, कारण अमात्याच्या गुणांत कौटिल्याने पहिलाच गुण जानपद असणे, म्हणजे त्याच देशचा असणे, हा सांगितला आहे. हे वचन मला अडचणीचे आहे आणि ते झाकून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. पण पुढचे प्रकरण वाचले की ध्यानात येते की देशीपणावर तो थांबत नाही. माणूस शुद्ध आहे की नाही हे धर्म, अर्थ, काम आणि भय या चार कसोट्यांनी पाहावे असे तो सांगतो, आणि खात्यांवर अनेक प्रमुख असावेत व ते कायमचे नसावेत अशी तजवीज करतो. देशाची माहिती असणे हा गुण जन्माने येईल; हात स्वच्छ आहेत की नाहीत हे मात्र त्याच्या मते तपासावेच लागते, मग तो घरचा असो की दारचा.

इंग्रजांनी या बाबतीत जो दुटप्पीपणा केला तो मोठा शिकवण्यासारखा आहे. कंपनीचे गोरे नोकर बंगालात लूट करीत होते तेव्हा कॉर्नवॉलिसने निदान केले की पगार अपुरे आहेत. त्याने कलेक्टरचे वेतन दरमहा १५०० रुपयांवर नेले, वर वसुलावर कमिशन दिले, आणि खाजगी व्यापार बंद केला. तीच लूट हिंदी नोकराने केली तेव्हा निदान झाले की हे यांच्या स्वभावातच आहे, आणि उपाय झाला तो वरच्या जागांवरून हिंदी माणूस वगळण्याचा. आपल्याच्या रोगाला परिस्थिती कारण आणि परक्याच्या रोगाला प्रकृती कारण, असे हे वैद्यक. त्याच सुमारास वॉरन हेस्टिंग्जवरील खटल्यात बर्क याने, आशियातल्या रिवाजाकडे बोट दाखवून आपल्या जुलमाचे समर्थन करणाऱ्याला सुनावले होते की नीती अक्षांश-रेखांशांनी बदलत नसते. पण खटल्याचा निकाल हेस्टिंग्जच्या बाजूने लागला. हेच वैद्यक अलीकडेही दिसले. २०१३ च्या नोव्हेंबरात इंग्लंडचे अ‍ॅटर्नी जनरल डॉमिनिक ग्रीव्ह यांनी एका वृत्तपत्राच्या मुलाखतीत, काही अल्पसंख्य समाज, मुख्यत्वे पाकिस्तानी, लाचलुचपत मुरलेल्या देशांतून आलेले असल्यामुळे राजकारण्यांनी सावध झाले पाहिजे असे म्हटले, आणि गदारोळ उठल्यावर दिलगिरी व्यक्त केली. हे विधान वाचताना आपल्याकडे कित्येकांनी समाधानाने मान डोलावली असेल. पाकिस्तानी म्हटले की आपल्याला पुरावा लागत नाही. पण ज्या उगमाकडे बोट दाखवले गेले तो कॉर्नवॉलिसच्या निदानात आपला आणि त्यांचा एकच होता.

अशा विधानांच्या बाबतीत मी अधिकारभेद मानतो. नगरच्या कुळाने देशस्थांना शिव्या दिल्या तर तो त्याच्या दुःखाचा उद्गार होय. शर्तीचा कागद पाहण्याची त्याला सोय नव्हती आणि पाहिला असता तरी वाचता आला नसता. मंत्र्याला दफ्तर उघडे असते, चौकशी नेमता येते, नावानिशी फिर्याद करता येते, आणि कायदा बदलता येतो. हे सगळे हातात असताना जो समाजाचे नाव घेतो त्याने आपले काम सोडून कुळाचे काम पत्करले, असेच म्हटले पाहिजे.

कारभार हाती आल्यावर कंपनीच्या कमिशनरांनी काय केले ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मार्क कब्बन हा १८३४ पासून १८६१ पर्यंत म्हैसूरचा कमिशनर होता. त्याने ना देशस्थ हाकलले ना मराठी दफ्तर जाळले. शर्तीची पद्धत गेली, ७६९ किरकोळ कर रद्द झाले, आणि त्याच जातींच्या, तीच लिपी लिहिणाऱ्या लोकांकडून राज्याचे कर्ज फिटून उत्पन्न वाढीस लागले. म्हणजे कर्त्याचा वाटा कमी करण्याची युक्ती त्याला सापडली होती.

राहिला राजाचा वाटा. तो मुम्मडी कृष्णराजांच्या पदरात घालून बेंटिंकने त्यांचे राज्य घेतले. पुढे १८३४ मध्ये त्यालाच काही मुलूख परत द्यावा असे वाटले, पण विलायतेतल्या डायरेक्टरांनी ते मानले नाही. परंतु शर्त लिहून घेणारे कृष्णराज स्वतःही एका शर्तीने बांधलेले होते. १७९९ च्या तहाप्रमाणे म्हैसूरने कंपनीला दरसाल ७ लक्ष स्टार पॅगोडा फौजखर्चादाखल भरायचे होते, पाऊस पडो वा न पडो, आणि रक्कम धोक्यात येईल असे वाटल्यास कारभार ताब्यात घेण्याचा हक्क कंपनीने त्याच तहात राखून ठेवला होता. बंडाची चौकशी करून १८३३ मध्ये ज्यांनी अहवाल दिला ते हॉकर, मॉरिसन, मॅक्लाउड आणि कब्बन हे चौघेही कंपनी सरकारने नेमलेले होते.